हुकूम, हात आणि ‘ध’चा ‘मा’

आमच्या आकुर्डीत पहाटे पाचला दोन प्रकारची माणसे रस्त्यावर दिसतात. एक, पहिल्या पाळीला निघालेली, डबा हातात धरून कंपनीच्या बसची वाट पाहणारी. दुसरी, पोलीस भरतीसाठी धावणारी पोरे. त्यांतला एक मुलगा माझा जुना विद्यार्थी. गेल्या पावसाळ्यात तो माझ्या कपाटातली एक जाडजूड अनुवादित कादंबरी वाचायला घेऊन गेला. सरकारी पगारावर असलेल्या एका मारेकऱ्याची गोष्ट होती ती. एके दिवशी त्याला असे नाव मिळते, की ज्यावर पिस्तूल रोखताना त्याचा हात थांबतो. चार दिवसांनी पुस्तक परत आले. मुलगा दारातच उभा राहून म्हणाला, “सर, गोष्ट झकास आहे. पण त्यानं हुकूम मोडला म्हणून तो हिरो झाला. उद्या मी भरती झालो आणि साहेबांनी सांगितलं, तर मी मोडायचा का?”

मी त्याला चहा दिला, उत्तर दिले नाही. ते माझ्यापाशी नव्हतेच. तीसेक वर्षे मराठी शिकवली, रहस्यकथा त्याहून अधिक वर्षे वाचल्या. पण हा प्रश्न मी कधी गोष्टीबाहेर आणून पाहिला नव्हता. पुढचे काही महिने तोच उद्योग केला. त्यातून जे हाती लागले ते इथे मांडतो आहे.

गोष्टीचा सांगाडा

सरकारी मारेकऱ्याच्या कथेचा सांगाडा ठरलेला असतो. वर कोणीतरी निर्णय घेतो. तो निर्णय कागदावर नसतो, असला तरी त्यावर सही नसते. मधला माणूस निरोप आणतो. खालचा माणूस काम करतो. रहस्य ‘कोणी मारले’ यात नसते, कारण ते वाचकाला पहिल्या पानापासून ठाऊक असते. उत्कंठा असते ती ‘मारील का’ या प्रश्नाची. इयान फ्लेमिंगचा बाँड १९५३ साली ‘कॅसिनो रोयाल’मधून आला, तेव्हा मारण्याचा परवाना हे मिरवायचे बिरुद होते. १९६३ मध्ये जॉन ल कॅरेच्या ‘द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड’ने ते बिरुद उतरवले. हेराला वापरून टाकणारे त्याचे स्वतःचेच खाते, हा तिथून पुढच्या हेरकथेचा मुख्य विषय झाला.

आपल्याकडे काय झाले? बाबूराव अर्नाळकरांनी हजारांवर रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे झुंजार आणि काळा पहाड घराघरांत पोचले. गुरुनाथ नाईकांची पुस्तके एस.टी. स्टँडवरच्या दुकानांतून हातोहात जात. सुहास शिरवळकरांनी अमर विश्वाससारखा वकील नायक दिला. आकुर्डी-चिंचवडच्या कामगार वस्त्यांत दिवसाला काही पैसे भाड्याने मिळणारी ही पुस्तके दुसऱ्या पाळीहून आलेली माणसे जेवणानंतर वाचून संपवत आणि सकाळी परत करत. मी स्वतः असाच वाचक होतो, म्हणून तक्रारीच्या सुरात बोलत नाही. पण माझ्या वाचनात आलेल्या या कथांत नायक एकतर कायद्याच्या बाहेर राहून न्याय करतो, नाहीतर कायद्याच्या बाजूने गुन्हेगार पकडतो. हेर असलाच, तर शत्रू परका आणि उघड दुष्ट असतो. आपल्याला मिळालेला हुकूमच चुकीचा असेल, ही शंका त्याला क्वचितच शिवते. त्या काळच्या वाचकाचा सरकारवरचा विश्वास हे त्याचे एक कारण असावे. दुसरे कारण साधे आहे: एका रात्रीत वाचून व्हायच्या पुस्तकात नायकाला विचार करायला सवड नसते.

गंमत अशी, की कथेने जे टाळले ते आपल्या इतिहासात मात्र ढळढळीत आहे. इतके, की त्याचा वाक्प्रचार होऊन बसला.

शनिवारवाडा, ३० ऑगस्ट १७७३

‘ध चा मा करणे’ हा वाक्प्रचार आपण शाळेत शिकतो, तो बहुधा शुद्धलेखनाच्या विनोदासारखा. त्याच्या मागे एक खून आहे. नारायणराव पेशवा तेव्हा जेमतेम अठरा वर्षांचा. चुलता रघुनाथराव वाड्यातच नजरकैदेत. गारदी हे पेशव्यांच्याच पगारावरचे पहारेकरी, आणि तो पगार थकलेला. सुमेरसिंग, खरगसिंग, महंमद युसूफ ही त्यांच्या म्होरक्यांची नावे. नारायणरावाला पकडायचे, असा मूळ बेत; रघुनाथरावाच्या हुकमात ‘धरावे’ होते आणि आनंदीबाईने त्याचे ‘मारावे’ केले, असे परंपरा सांगते. त्या दिवशी गारदी वाड्यात शिरले, नारायणराव धावत काकाच्या खोलीत गेला, त्याला मिठी मारली, आणि तिथेच तो मारला गेला.

अक्षर खरोखर बदलले का, कोणी बदलले, यावर इतिहासकारांत एकमत नाही. आनंदीबाईवरचा आरोप हा दरबारी पुरुषांना सोयीचा होता, असेही मत आहे. मला इथे दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. ही दंतकथा टिकली ती का? कारण ती जबाबदारी विरघळवून टाकते. रघुनाथराव म्हणू शकतो, मी ‘धरावे’ लिहिले. गारदी म्हणू शकतात, आम्हाला ‘मारावे’ मिळाले. खून होतो, पण तो कोणाचाच होत नाही. तो एका अक्षराचा होतो. सरकारी मारेकऱ्याच्या प्रत्येक थरारकथेत तो निनावी निरोप, ती सही नसलेली चिठ्ठी असते, तिचे काम हेच.

या साखळीत एक माणूस मात्र अक्षराशी थांबला नाही. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी केली, ती थेट गादीवर बसलेल्या माणसाची. रघुनाथराव आता स्वतःच पेशवा होता. रामशास्त्र्यांनी त्याला दोषी ठरवले, या पापाला देहान्त प्रायश्चित्त आहे असे तोंडावर सांगितले आणि पुणे सोडले. शाळेत आपण हा प्रसंग बाणेदारपणाचा धडा म्हणून वाचतो. कायद्याच्या दृष्टीने पाहिले, तर त्यात एक स्पष्ट तत्त्व आहे: ज्याचा हुकूम, त्याचा खून.

पण पुढे काय झाले तेही पाहिले पाहिजे. बारभाईंनी कारभार हाती घेतल्यावर गारद्यांपैकी काही सापडले आणि त्यांना देहदंड झाला. रघुनाथराव इंग्रजांकडे गेला, १७७५ साली सुरतेचा तह केला, त्यातून युद्ध झाले, आणि अखेर तो १७८३ मध्ये कोपरगावला आजारपणाने वारला. न्यायाधीशाने शिक्षा हुकूम देणाऱ्याला सांगितली होती. प्रत्यक्षात ती हातांना मिळाली.

चिंचवड: हुकमाशिवाय

आकुर्डीहून लोकलने पुण्याकडे निघाले की पहिले स्टेशन चिंचवड. तिथल्या चापेकर चौकातून माझे जाणे-येणे आयुष्यभर होत आले आहे. सरकारी मारेकऱ्याचा विचार करताना चापेकरांकडे यावे लागते, ते उलट्या बाजूने: त्यांच्यामागे सरकार नव्हते, सरकार समोर होते.

१८९७ सालच्या प्लेगात पुण्यात घराघरांतून सोजिरांकरवी तपासण्या झाल्या. प्लेग समितीचा प्रमुख वॉल्टर रँड. २२ जूनला व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाचा समारंभ गणेशखिंडीतल्या गव्हर्नरच्या बंगल्यावर होता. तिथून परतणाऱ्या रँडवर दामोदर चापेकरांनी गोळी झाडली. मागच्या गाडीत लेफ्टनंट आयर्स्ट होता. त्याच्यावर बाळकृष्ण चापेकरांनी झाडली. आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला. १८ एप्रिल १८९८ रोजी दामोदरांना येरवड्याला फाशी झाली. नचिकेत आणि जयू पटवर्धन यांचा १९७९ सालचा ‘२२ जून १८९७’ हा चित्रपट त्याच दिवसावर आहे.

दामोदरांनी तुरुंगात आत्मवृत्त लिहिले. आपण काय केले, का केले, हे ते स्वतःच्या नावावर घेतात; ‘मला सांगितले होते’ म्हणायची सोय त्यांना नव्हती आणि नकोही होती. त्यांची कारणे आपल्याला पटोत न पटोत, इथे हात आणि हुकूम एकाच माणसाचे आहेत. आयर्स्टचा प्रश्न मात्र राहतो. प्लेगच्या जुलमाचा हिशेब रँडच्या नावे होता. मागच्या गाडीतला तरुण अधिकारी त्या हिशेबात कुठे बसत होता?

हाच प्रश्न आठ वर्षांनी मॉस्कोत दुसऱ्या एका बग्गीपाशी उभा राहिला. फेब्रुवारी १९०५ मध्ये इव्हान काल्यायेव हा क्रांतिकारक ग्रँड ड्यूक सर्गेईवर बाँब टाकायला गेला, पण बग्गीत ड्यूकची पत्नी आणि दोन मुले दिसताच त्याने हात खाली घेतला. दोन दिवसांनी ड्यूक एकटा असताना त्याने बाँब टाकला. अल्बेर काम्यूने १९४९ मध्ये यावरच नाटक लिहिले. काल्यायेवचा हात थांबू शकला, कारण निर्णय शेवटच्या क्षणापर्यंत त्याच्याच हातात होता.

चापेकर प्रकरणाचा एक धागा अजून चटका लावणारा आहे. माहिती देणाऱ्या द्रविड बंधूंना ८ फेब्रुवारी १८९९ रोजी वासुदेव चापेकर आणि महादेव रानडे यांनी मारले. त्यांना घराबाहेर काढले ते पोलीस अधिकाऱ्याने बोलावले आहे असा निरोप देऊन. सरकारी बोलावणे म्हटल्यावर माणूस प्रश्न न विचारता रात्रीचा घराबाहेर पडतो, हे त्या विशीतल्या मुलांना बरोबर कळले होते.

म्युनिकचा जिना

कादंबरीतल्यासारखा खरा सरकारी मारेकरी पाहायचा, तर मात्र शीतयुद्धातल्या जर्मनीत जावे लागते. तिथे असे दोघे भेटतात.

पहिला निकोलाय खोखलोव्ह. सोव्हिएत गुप्तचर खात्याचा अधिकारी. १९५४ मध्ये त्याला फ्रँकफुर्टला पाठवले गेले, गेओर्गी ओकोलोविच या निर्वासित रशियन पुढाऱ्याला मारण्याच्या कामगिरीवर. सिगारेटच्या डबीत लपवलेले विषारी गोळ्यांचे हत्यार तयार होते. फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी खोखलोव्हने ओकोलोविचच्या दाराची घंटा वाजवली आणि सांगितले: मला तुम्हाला मारायला पाठवले आहे, पण मी मारणार नाही. हे काम करून घरी आलास तर आपला संसार संपला, अशी भूमिका त्याच्या पत्नीने घेतली होती. त्याच्या नकाराची किंमत तिनेही मोजली. तिला अटक झाली. १९५७ मध्ये खोखलोव्हवरच विषप्रयोग झाला. तो वाचला.

दुसरा बोगदान स्ताशिन्स्की. ऑक्टोबर १९५७ मध्ये त्याने म्युनिकमध्ये लेव्ह रेबेत या युक्रेनी राष्ट्रवादी लेखकाच्या तोंडावर जिन्यात सायनाइडची वाफ फवारली. डॉक्टरांना तो हृदयविकार वाटला. पुढचे नाव स्तेपान बांदेराचे. १९५९ च्या पूर्वार्धात स्ताशिन्स्कीने बांदेराला गॅरेजात एकटा गाठला, आणि त्याचा हात थांबला. तो मागे फिरला, हत्यार पाण्यात टाकून दिले. थरारकथा इथे संपली असती. प्रत्यक्षात खात्याने त्याला पुन्हा पाठवले, आणि १५ ऑक्टोबर १९५९ ला त्याने बांदेराला मारले. मॉस्कोत त्याला ‘लाल निशाण’ पदक मिळाले.

सदसद्विवेक जागा झाला की माणूस बदलतो, असे कादंबऱ्या सांगतात. स्ताशिन्स्कीचा जागा झाला, झोपला, पुन्हा जागा झाला. त्याची जर्मन पत्नी इंगे पोल हिला सत्य कळल्यावर तिने पळून जाण्याचा धोशा लावला. त्यांचे तान्हे मूल वारले. त्याच्या दफनविधीच्या आदल्या दिवशी, १२ ऑगस्ट १९६१ ला, दोघे पश्चिम बर्लिनमध्ये पोचले. दुसऱ्या दिवसापासून बर्लिनची भिंत उभी राहू लागली. स्ताशिन्स्कीने स्वतःहून दोन्ही खून कबूल केले. त्याच्या हत्याराची नक्कल १९६५ मध्ये फ्लेमिंगच्या शेवटच्या बाँड कादंबरीत आली. त्याच्या मनाची नक्कल करणे अवघड होते.

ऑक्टोबर १९६२ मध्ये कार्ल्सरूहच्या न्यायालयाने त्याला आठ वर्षांची शिक्षा दिली. दोन खुनांना आठच वर्षे, कारण न्यायालयाच्या मते खरे गुन्हेगार मॉस्कोतले हुकूम देणारे. स्ताशिन्स्की केवळ साहाय्यक. वरवर पाहता हा रामशास्त्र्यांचाच निवाडा झाला. पण त्याचा पुढचा प्रवास अस्वस्थ करतो. त्याच युक्तिवादाचा आधार घेऊन नाझी काळातल्या अनेक मारेकऱ्यांनी आपण फक्त साहाय्यक होतो असे म्हटले, आणि हलक्या शिक्षांवर सुटले. १९७५ पासून लागू झालेल्या सुधारित जर्मन दंडसंहितेने स्वच्छ लिहिले, की जो स्वतः कृत्य करतो तो गुन्हेगारच. हुकूम देणाऱ्याला दोषी ठरवताना हाताला सोडून दिले, की जगातले सगळे हात निर्दोष होऊन बसतात, हे जर्मनांना अनुभवाने कळले.

मुंबई: चकमकीतला प्रश्न

आपल्याकडे कायद्याने नेमलेला मारेकरी नाही. पण ११ जानेवारी १९८२ रोजी वडाळ्यात मन्या सुर्वे पोलिसांच्या गोळ्यांनी मेला, आणि त्यापुढच्या दोन दशकांत ‘एन्काउंटर’ हा शब्द मराठी वर्तमानपत्रांत रुळला. ‘स्पेशालिस्ट’ त्याला जोडूनच आला. २००४ च्या ‘अब तक छप्पन’मध्ये नाना पाटेकरांनी असा अधिकारी रंगवला, तेव्हा चित्रपटगृहात टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या होत्या. गँगवॉरने त्रासलेल्या शहराला तो हात हवाहवासा वाटत होता.

२००६ साली मुंबईत झालेल्या एका चकमकीचे प्रकरण न्यायालयात टिकले. एका खासगी माणसाच्या सांगण्यावरून पोलिसांनी हा खून केला, असा आरोप होता. आरोपी पोलिसांच्या जामिनाचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि १३ मे २०११ च्या निकालात न्यायालयाने माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे थेट उत्तर दिले. त्याचा आशय असा: न्यूरेम्बर्गच्या खटल्यात ‘हुकूम म्हणजे हुकूम’ हा बचाव मानला गेला नाही. वरिष्ठाने बनावट चकमकीचा बेकायदा हुकूम दिला, तर तो नाकारणे हे पोलिसाचे कर्तव्य आहे. नाकारला नाही, तर त्याच्यावर खुनाचा खटला चालेल. २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने या प्रकरणात १३ पोलिसांसह २१ जणांना दोषी ठरवले. मार्च २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांतल्या बहुतेक पोलिसांची शिक्षा कायम ठेवली आणि आधी निर्दोष सुटलेल्या एका अधिकाऱ्यालाही जन्मठेप सुनावली.

सप्टेंबर २०१४ मध्ये, महाराष्ट्रातल्याच चकमकींवरच्या दुसऱ्या एका प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने सोळा कलमी नियमावली घालून दिली. चकमकीत माणूस मेला की गुन्हा नोंदवायचा, तपास स्वतंत्र यंत्रणेने करायचा, दंडाधिकाऱ्यांची चौकशी व्हायची. त्यातले एक कलम मला विशेष वाटते: चकमकीनंतर लगेच त्या अधिकाऱ्याला बढती किंवा शौर्यपदक द्यायचे नाही. स्ताशिन्स्कीचे ‘लाल निशाण’ मला इथे आठवले. मारण्याला बक्षीस असले, की हात थांबण्याचे एक कारण कमी होते.

दुसरी बाजूही नीट सांगितली पाहिजे. १८६० च्या भारतीय दंडसंहितेचे कलम ७६ सांगत असे, की कायद्याने बांधलेल्या माणसाने कायद्यानुसार केलेले कृत्य गुन्हा नाही. उदाहरण म्हणून तिथे वरिष्ठाच्या हुकमावरून जमावावर गोळी झाडणारा सैनिक दिला आहे. १ जुलै २०२४ पासून हेच भारतीय न्याय संहितेच्या कलम १४ मध्ये आहे. पण त्या उदाहरणातही एक अट आहे: हुकूम कायद्याच्या आज्ञेला धरून हवा. संरक्षण वरिष्ठाच्या हुद्द्याला नाही, कायद्याला आहे. सगळा पेच या एका अटीत मावतो, कारण गोळी झाडायच्या क्षणी शिपायाच्या हाती दंडसंहिता नसते; साहेबाचा आवाज असतो.

हात कधी थांबतो

हे सगळे समोर ठेवून पाहिले, तर तीन न्याय दिसतात. रामशास्त्र्यांचा: दोष हुकमाचा. १९६२ च्या कार्ल्सरूहचा: मुख्य दोष हुकमाचा, म्हणून हाताला सूट. आणि आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा: हाताला हुकमाची ढाल नाही. मला पहिला आणि तिसरा एकत्र हवेत असे वाटते. नुसता पहिला घेतला तर गारदी निष्पाप ठरतात. नुसता तिसरा राबवला तर रघुनाथराव कोपरगावला अंथरुणात मरतात. शिपाई तुरुंगात जातो आणि फोन करणारा आवाज नव्या शिपायाला फोन करतो, ही भीती काल्पनिक नाही.

आणि कथेला एक गोष्ट सांगावीशी वाटते. थरारकथेत हात थांबतो तो समोरचा चेहरा पाहून, एका लखलखीत क्षणी. खोखलोव्ह आणि स्ताशिन्स्कीकडे पाहिले तर तो थांबतो घरातल्या माणसामुळे. दोघांच्याही बाबतीत ‘हे करून इथे येऊ नकोस’ म्हणणारे कोणीतरी होते. त्या घरच्या बोलण्यातून मराठीत एक चांगली रहस्यकथा निघेल. आकुर्डीतल्या दोन खोल्यांच्या घरात, ताटावर बसलेला शिपाई आणि त्याला वाढणारी बायको. तिला आज तो जेवत का नाही हे कळत नाही आहे. ती अजून कोणी लिहिलेली माझ्या वाचनात नाही.

गणपतीच्या सुमारास मुलगा पुन्हा आला. लेखी परीक्षेची तयारी चालू होती. मी त्याला दुसरी एक कादंबरी दिली आणि तिच्यात २०११ च्या निकालातला तो भाग मराठीत उतरवून, घडी घालून ठेवला. त्याने तिथेच उभ्याने वाचला. मग विचारले, “सर, हे परीक्षेला येतं का?”

“नाही येत,” मी म्हणालो.

त्याने कागदाची घडी केली, पाकिटात पैशांच्या मागे ठेवली, आणि पुस्तक बगलेत मारून निघून गेला.